गालिच्यावरून पान उचलताना

अप्पांच्या खोलीतल्या गालिच्याची आमच्या गल्लीत बरीच चेष्टा व्हायची. कुंभकोणमात कोणी घरात गालिचा चिकटवून घेत नाही. पायाला गार लागणारी लाल सिमेंटची घोटीव जमीन असताना ती झाकायची कशाला? पण अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर अप्पा उजवा पाय ओढत चालायचे आणि त्या घोटीव जमिनीवरून ते एकदा बाथरूमच्या दाराशी आणि एकदा पलंगाशी घसरले. दुसऱ्या वेळी कपाळाला टाके पडले. तेव्हा अक्काने तंजावरहून माणसं बोलावली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तपकिरी नक्षीचा जाड गालिचा चिकटवून घेतला. शेजारच्या मामी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हॉटेलच केलंस की गं." अक्का हसली नाही. ती तेव्हा फारशी हसतच नसे.

अक्का माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायचे म्हणून आई आणि अप्पाही तिला अक्काच म्हणू लागले. तिने लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवायची. आई गेल्यावर ती आणि अप्पा असे दोघंच त्या घरात राहायचे. मी शिकायला म्हणून पुण्याला गेले ती तिकडचीच झाले. नोकरी तिथे, संसार तिथे. अप्पांना झटका आला तेव्हा मी धावत गेले, पंधरवडाभर राहिले आणि रजा संपली म्हणून परत आले. पुढे काही दिवसांनी अक्काचा फोन आला. "शाळेत कळवलं आज," ती म्हणाली.

"काय कळवलंस?"

"येत नाही म्हणून."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ते "बरं" माझ्या मनातून जाईना. तिची इतक्या वर्षांची नोकरी सुटली होती आणि कोणी भाजी आणायला निघालं असावं तसं मी त्याला "बरं" म्हटलं होतं.

झटक्याने अप्पांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. हो आणि नाही ते मानेने सांगायचे. उरलेलं बोलणं म्हणजे घशातले काही आवाज आणि एक अख्खं वाक्य. ते मात्र कुठेही न अडखळता, पूर्वीच्याच आवाजात यायचं. "अक्का, पडलं."

पडायचं ते बहुतेक पत्त्याचं पान असे. अप्पा वीज खात्यातून निवृत्त झालेले. कामावरून आल्यावर मित्रांबरोबर पत्ते खेळणं हा त्यांचा नेम होता. फिजिओथेरपीच्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताला व्यायाम म्हणून पत्तेच लावायला सांगितले. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकायची आणि अप्पांनी तिच्यावर एकट्याने डाव मांडायचा. डाव्या हाताला सवय नव्हती. पान सुटायचं, फळीवरून घसरून खाली जायचं. अक्का स्वयंपाकघरातून यायची, वाकायची, पान देऊन परत जायची. तिचा हात भांड्याला लागतो न लागतो तोच पुन्हा हाक यायची. नुसत्या जमिनीवरचं पान सरकवून कडेला आणता येतं. जाड गालिच्यावर ते लवेत रुतून बसतं आणि नखाने कड शोधत राहावं लागतं. ते वाकून राहणंच अक्काला भोवलं. तिच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वाकायचं नाही असं बजावलं.

"मग पानं कोण उचलतं?" मी फोनवर विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "काल मज वाकता आलं नाही. तर ते म्हणत राहिले, म्हणत राहिले. मी दारात उभी राहून ऐकलं."

आमच्या घरात "मला" म्हणत नाहीत, "मज" म्हणतात. तंजावरच्या मराठी घरांमधली बोली अशीच आहे, जुन्या वळणाची आणि तमिळ सुराची. पुण्यात सुरुवातीला मला सगळे हसायचे, म्हणून मी ती जिभेवरून पुसून टाकली होती. अक्काशी बोलतानासुद्धा माझ्या तोंडून आता "मला"च यायचं आणि दर वेळी जरा ओशाळल्यासारखं व्हायचं.

मी ज्या कंपनीत काम करते तिथे तेव्हा घर आवरणारा यंत्रमानव बनवायचं काम चाललं होतं. तो परदेशातल्या घरांसाठी होता आणि तिकडे घरभर गालिचे असतात. खेळणी, मोजे, पेले त्याला उचलता यायचे. चपटी वस्तू मात्र उचलता येत नव्हती. फोटो, पाकीट, पत्त्याचं पान असं काही गालिच्यावर आडवं पडलं की आमचं यंत्र हरायचं. ते कोडं माझ्या गटाकडे होतं आणि आम्ही कितीतरी महिने त्यात अडकलो होतो.

अक्काशी ते बोलणं झालं त्याच आठवड्यात मी साहेबांना सांगितलं की काही दिवस मला गावाकडून काम करू द्या, तिथे असा असा गालिचा आहे, असे असे वडील आहेत. ते खूश झाले. म्हणाले, "उत्तम. खरं घर, खरा गालिचा आणि खरा वापरणारा माणूस. प्रयोगशाळेत हे कुठलं मिळायला?" अक्काला मी सांगितलं, "अप्पांसाठी एक यंत्र करायला येतेय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण साहेबांना सांगताना मी "बहिणीच्या कमरेसाठी" हे म्हटलं नव्हतं आणि अक्काला सांगताना "कंपनीसाठी" हे गाळलं होतं. गाडीत बसल्यापासून मला तेच आठवत राहिलं. मी नक्की कशासाठी निघाले होते, हे मलाच नीट सांगता आलं नसतं.

भर उन्हाळ्यात मी खोके घेऊन पोचले. अप्पा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. अक्काने कॉफी आणली, खोक्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"जमेपर्यंत."

"लवकर जमलं तर लवकर जाशील म्हणजे," ती म्हणाली. सरळ आवाजात म्हणाली, टोमणा नव्हता. मी खोके सोडायला लागले.

अप्पांच्या खोलीच्या एका कोपऱ्यात मी टेबल मांडलं. यंत्राचं खालचं अंग तयार होतं. चाकांवर फिरणारी बुटकी पेटी, तिच्या पोटाखाली उचलायची यंत्रणा, आणि उचललेली वस्तू माणसाच्या हाताशी नेणारा एक बारीक दांडा. सगळी अडचण पोटाखालच्या यंत्रणेची होती.

पहिल्यांदा मी हवा ओढून घेणारा पेला लावला. काचेवरून कागद उचलायला तो छान चालतो. पण गालिच्याच्या लवेतून चहूबाजूंनी हवा आत शिरायची. पान किंचित थरथरायचं आणि तिथेच राहायचं. मग पातळ पोलादी पट्टी लावली, उलथन्यासारखी, पानाखाली सरकवायची. गालिच्याच्या लवेला एक कल असतो. कलाच्या बाजूने गेलं की पट्टी सुरेख सरकायची, उलट बाजूने गेलं की लवेत अडकायची आणि पानाला पुढे ढकलत भिंतीपर्यंत न्यायची. नंतर चिकट रूळ करून पाहिला. त्याने पानं उचलली खरी, पण दोन फेऱ्यांत त्याला केस आणि धागे चिकटून त्याचा लोकरीचा गुंडा झाला.

या सगळ्याला पानं पडलेली हवी असायची आणि ती खरी पडतात तशी. मी स्वतः टाकली तर ती नकळत मला सोयीची पडायची. म्हणून मी अप्पांना सांगितलं, "तुम्ही टाका." त्यांना ते आवडलं. ते एकेक पान फळीच्या कडेला आणून सोडायचे आणि सोडलं की म्हणायचे, "अक्का, पडलं." स्वयंपाकघरात अक्का उठायची.

"तू बस गं," मी ओरडून सांगायचे. "ही चाचणी आहे."

ती बसायची. पुढचं पान पडलं की पुन्हा खुर्चीचा आवाज यायचा. इतक्या दिवसांची सवय होती, ती हाक ऐकू आली की तिचं अंगच उठायचं. एकदा तर ती दारापर्यंत येऊन थांबली, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला हात टेकत परत गेली. मला वाटलं, आजच्यापुरतं पुरे म्हणावं. पण यंत्र तेव्हा जरा बरं चालायला लागलं होतं, म्हणून मी म्हटलं नाही.

चाचण्यांच्या चित्रफिती मी रोज पुण्याला पाठवायचे. गटातल्या एकाने कळवलं की काम छान दिसतंय, फक्त मागे सारखा एक आवाज येतो तो काढून टाक, लक्ष विचलित होतं. मी काढून टाकला. पुढच्या फितींतून तर पाठवण्याआधीच काढायला लागले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. फीत यंत्राची होती.

ज्या युक्तीने शेवटी काम झालं ती चुकून सापडली. पान सपाट ताणून धरावं म्हणून मी रबराची दोन बोटं लावली होती. ती पानावर टेकून एकमेकांपासून दूर सरकायची होती. मी तारा उलट्या जोडल्या. बोटं दूर जाण्याऐवजी जवळ आली आणि त्यांच्या मध्ये सापडलेलं पान मधोमध उचललं गेलं, घराच्या कौलासारखं. खाली बोट घालता येईल एवढी पोकळी झाली. मी चटकन यंत्र थांबवलं आणि गुडघ्यावर बसून बघत राहिले. मग हाताने करून पाहिलं, दोन अंगठे टेकवून जवळ आणले. कागद उचलला गेला. फोटो उचलला गेला. गोळ्यांचं रिकामं पाकीटसुद्धा थोडंसं वाकलं.

त्यानंतरचं काम बोटांच्या वजनाचं होतं. फार जोर दिला की पान लवेत आणखी रुतायचं, कमी दिला की रबर नुसतंच घसरायचं. नेमकं वजन पडावं म्हणून मला पितळेचे छोटे गट्टू हवे होते. नाचियारकोविलला पितळी समया करतात, तिथे मिळतील म्हणून बसने गेले. कारखान्याचे मालक म्हातारे गृहस्थ होते. नमुना हातात घेऊन त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "ही कसली समई?"

"समई नाही. खाली पडलेलं पत्त्याचं पान उचलायचं यंत्र आहे. वडिलांना वाकता येत नाही."

"का? घरात माणसं नाहीत?"

त्यांनी ते सहज विचारलं. मी म्हणाले, "आहेत." आणि मग उगाच सांगत बसले की मी पुण्याला असते, बहिणीची कंबर दुखते, मी आता आले आहे, वगैरे. त्यांनी काही हे विचारलं नव्हतं. ते मान डोलावत राहिले आणि गट्टू दुपारी मिळतील म्हणाले. परतताना बसच्या दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती आणि मी मांडीवर ते जड पुडकं धरून त्या मालकांना देण्यासारखी बरीच उत्तरं मनात जुळवत होते.

गट्टू बसले आणि यंत्र चालायला लागलं. एकच गोष्ट राहिली. गालिच्याच्या तपकिरी नक्षीत पान कुठे आहे हे कॅमेऱ्याला ओळखता येईना. राजाराणीची पानं तर नक्षीत पार मिसळून जायची. त्या दुरुस्तीला फार वेळ गेला असता आणि साहेबांनी दिलेली मुदत संपत आली होती. म्हणून मी सोपी पळवाट काढली. अप्पांच्या डाव्या हाताशी एक दांडी बसवली. त्यांनी ती ढकलून पेटी पानावर न्यायची आणि बटण दाबायचं. पुढचं यंत्र करेल. साहेबांना मी लिहिलं की ही तात्पुरती सोय आहे.

अप्पांना ती दांडी चालवायला शिकायला काही दिवस लागले. पेटी आधी पलंगावर आपटली, मग माझ्या पायावर. पण एका दुपारी त्यांनी ती बरोबर चौकटच्या सत्तीवर नेली आणि बटण दाबलं. पान कौलासारखं उठलं, दांडा वर आला आणि पान त्यांच्या बोटांशी येऊन थांबलं. त्यांनी ते घेतलं. अक्का दारात उभी होती. त्या संध्याकाळी तिने पट्टा सोडून ठेवला आणि पुष्कळ वेळ पाठ टेकून पडून राहिली. मी दुसऱ्या दिवशी निघाले. मन हलकं झालं होतं. वाटलं, माझ्याकडून व्हायला हवं होतं ते झालं.

पुण्याला त्या युक्तीचं कौतुक झालं. मला बढती मिळाली. घरी फोन केला की अक्का सांगायची, "बरं चाललंय. कंबर बरी आहे." कार्तिकात मी सवड काढून गेले. पाऊस लागला होता, खोलीत ओल्या गालिच्याचा वास होता. अप्पा पत्ते लावत होते. पान पडलं. मी कान टवकारले. अप्पांनी दांडी ढकलली, पेटी घरघरत गेली, पान वर आलं. त्यांनी ते जागेवर लावलं आणि पुढचं पान उचललं. बराच वेळ मी तिथे बसून होते. पानं पडली, उचलली गेली. अप्पांच्या तोंडून काहीही आलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊन मी अक्काला विचारलं, "अप्पा हाक मारत नाहीत?"

ती भात उपसत होती. "नाही."

"कधीपासून?"

"तू गेलीस त्यानंतर हळूहळू कमी झालं. आता नाहीच." मग म्हणाली, "मी विचारलं फिजिओथेरपीच्या बाईंना. त्या म्हणाल्या, असं जातं कधीकधी. वापरात नसलं की जातं, वापरात असलं तरी जातं. सांगता येत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तू काय करणार होतीस?"

मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि चित्रफिती शोधायला लागले. त्यांच्यात अप्पांचा आवाज असेल, तो तरी अक्काला ऐकवावा, असं मनात आलं होतं. एकामागून एक फिती लावल्या. पान पडताना दिसायचं, अप्पांचे ओठ हलताना दिसायचे आणि आवाज नसायचा. सुरुवातीच्या फितींतला काढून टाकलेला होता, नंतरच्यांतला तर मी पाठवण्याआधीच काढला होता. माझ्या सगळ्या सामानात त्यांचं एकही वाक्य नव्हतं. हे मी अक्काला सांगितलं नाही. यंत्र बंद करून त्याची तार गुंडाळायला लागले.

ती हात पुसत आली. "हे काय?"

"घेऊन जाते. यामुळे त्यांचं बोलणं गेलं. होती नव्हती ती एक ओळ गेली."

अक्का क्वचितच रागावते. तेव्हाही तिने आवाज चढवला नाही. "तुज बरं वाटावं म्हणून आणलंस," ती म्हणाली. "आता तुज बरं वाटावं म्हणूनच नेतेस. वाकायचं कोणी? मी. तू इथे आहेस का वाकायला?"

"मी राहते ना काही दिवस."

"काही दिवस," ती म्हणाली.

मला रडू आलं, ते तिने पाहिलं आणि ती जरा नरमली. म्हणाली, "मजही आठवते ती हाक. दुपारी घर इतकं गप्प असतं की मी उगाच येऊन बघून जाते. पण सांगू, त्या हाकेचा मज कंटाळा पण आला होता. आता नाही तर नाही याचं दुःख करावं, की सुटले म्हणावं, हे मज कळत नाही. म्हणून तुज काही सांगितलं नाही."

आम्ही दोघी दारात उभ्या राहून अप्पांकडे बघत होतो आणि दोघींनाही त्यांच्याकडे बघताना चोरट्यासारखं वाटत होतं.

त्या आठवड्यात कार्तिकातली अमावास्या होती. तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत त्या दिवशी गंगा येते असं मानतात आणि पुष्कळ लोक स्नानाला जातात. अक्का पूर्वी दर वर्षी जायची. अप्पा आजारी पडल्यापासून गेली नव्हती. मी म्हटलं, "जा तू. सबंध दिवस मी बघते. यंत्रही लावत नाही, मीच उचलते पानं." तिने थोडा विचार केला आणि शेजारच्या मामींबरोबर उजाडताच गेली.

अप्पांना मी नाश्ता भरवला, फळी टाकली, पत्ते दिले आणि समोर स्टुलावर बसले. यंत्र कोपऱ्यात बंद ठेवलं होतं. मनातून मी वाट बघत होते. पान पडेल, मदत लागेल, आणि कदाचित ते वाक्य परत येईल. पहिलं पान पडलं. अप्पांनी दांडीकडे हात नेला. दांडी ढकलली, काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी देते, अप्पा," असं म्हणून मी वाकले, नखाने कड शोधली आणि पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. मी फळीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने ते पुन्हा खाली लोटलं.

"पडलं ना?" मी म्हणाले. "म्हणा, अप्पा. पडलं."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दांडीवर मूठ आपटली. एकदा, मग पुन्हा. फळीवरचा सगळा डाव थरथरला आणि आणखी पानं खाली गेली. घशातून आवाज येत होता, तो शब्द नव्हता, पण राग होता हे कोणालाही कळलं असतं. मी घाबरून गेले. मला वाटलं त्यांना पुन्हा झटका येतोय. पाणी आणायला उठले तर त्यांनी माझा हात धरला आणि ओढून दांडीवर ठेवला.

तेव्हा मला कळलं. मी जाऊन यंत्राची तार जोडली. पेटीचा दिवा लागला. अप्पांनी श्वास सोडला, दांडी धरली आणि एकेक करून सगळी पानं उचलली. एक पान पलंगाच्या पायाशी अडकलं होतं. त्यासाठी त्यांनी पेटी मागे घेतली, वळवली, पुन्हा नेली, पुन्हा मागे घेतली. मी मदत करायला पुढे झाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता हात हलवून मला थांबवलं. शेवटी पान निघालं. ते त्यांनी वर घेतलं आणि मला दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत अजून राग होता, पण मघाचा नव्हता.

मी परत स्टुलावर बसले. आतापर्यंत मी अक्काच्या कमरेचा विचार केला होता, त्या हरवलेल्या वाक्याचा केला होता आणि माझ्या मनाला काय वाटतं याचा तर सर्वांत जास्त केला होता. ज्या माणसाला स्वतःच्या पडलेल्या पानासाठी दिवसभर मुलीला हाका माराव्या लागत होत्या, त्याला त्या हाकांबद्दल काय वाटत असेल हे एकदाही मनात आलं नव्हतं. ती दांडीसुद्धा मी त्यांच्यासाठी बसवली नव्हती. माझा कॅमेरा चालत नव्हता म्हणून बसवली होती. आणि आज त्यांच्या तोंडून एक शब्द काढून घ्यावा म्हणून मी ती बंद केली होती. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं, अप्पा." त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की जाऊ दे म्हणून, ते मला नीट कळलं नाही.

संध्याकाळी अक्का ओल्या केसांची, प्रसन्न होऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, मूठ आपटली तेही आणि फितींत आवाज नाही तेही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दांडीवर आपटली?"

"जोरात."

"त्यांना इतकी ताकद आहे डाव्या हातात?" एवढंच विचारून ती आत गेली आणि अप्पांसमोर माझ्याच स्टुलावर बसली. थोड्या वेळाने मी डोकावले तर तिने अर्धे पत्ते स्वतःच्या हातात घेतले होते. दोघं काहीतरी खेळत होते. डाव कुठला ते मला ओळखता आलं नाही, बहुधा दोघांनी मिळून ठरवला असावा. बोलत कोणीच नव्हतं. अक्काचं पान खाली पडलं तेव्हा ती वाकायला गेली, पण अप्पांनी आधीच पेटी सोडली होती.

ते वाक्य मात्र परत आलं नाही. आता वर्ष उलटून गेलं. यंत्र नसतं तर ते राहिलं असतं का, हे मी फिजिओथेरपीच्या बाईंना विचारलं आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांनाही विचारलं. दोघांनी निरनिराळ्या शब्दांत तेच सांगितलं, की सांगता येत नाही. त्यामुळे ते माझ्याजवळ तसंच राहिलं आहे. कंपनीत नवं यंत्र पाहुण्यांना दाखवताना रबरी बोटं पानावर टेकतात, पान कौलासारखं उठतं आणि लोक "वा" म्हणतात. त्या वेळी मी शक्यतो दुसरीकडे बघते.

परवा अक्काचा फोन आला. बोटांचं रबर झिजलंय, पान निसटतं, अप्पा चिडचिड करतात. मी म्हटलं, "आजच पाठवते, दोन-तीन दिवसांत पोचेल."

"पाठवू नकोस," ती म्हणाली. "घेऊन ये. आणि तारीख ठरवून येऊ नकोस."

मी "बरं" म्हणणार होते, पण थांबले. "येते," म्हणाले, आणि मग आमच्या बोलीत विचारलं, तुज पुण्याहून काय आणू. ती म्हणाली, पत्त्यांचा नवा जोड आण, जाड कागदाचा.